आठवं पान

मास्तर आणि थोरला एकाच सोफ्यावर बसलेले दिसले, तेव्हाच अक्कांच्या मनात पाल चुकचुकली. मास्तर म्हणजे अक्कांचे दीर, थोरला म्हणजे त्यांचा मोठा मुलगा, आणि वरच्या मजल्याच्या वाटणीपासून या काका-पुतण्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. तीन वर्षं झाली, समोरासमोर आले की एक छताकडे बघायचा आणि दुसरा मोबाईलमध्ये. आणि आज मास्तर विचारत होते, पाठीला उशी हवी का, आणि थोरला म्हणत होता, नको काका, राहू दे तुम्हालाच. इतकं गोड बोलणं या घरात कुणी आजारी पडल्याशिवाय होत नसे.

आजारी कुणी नव्हतं. ठकूच्या आराखड्याची, म्हणजे पुढच्या वर्षात तिला कुणाची काय मदत लागेल ते लिहून काढायची, वार्षिक बैठक होती, एवढंच. ठकू म्हणजे अक्कांचं शेंडेफळ, वय वर्षं चौतीस. लहानपणापासून तिचं सगळं सावकाश. बोलणं मोजकं, पण एकदा बोलली की ब्रह्मदेव आला तरी त्यात बदल नाही. सकाळी ती तिच्यासारख्या मोठ्या मुलांच्या केंद्रात जाते. केंद्राची स्वतःची लाँड्री आहे, तिथे ती टॉवेलांच्या घड्या घालते. आत्ता ती दाराशी उकिडवी बसून आलेल्यांच्या चपला-बूट मापाप्रमाणे लावत होती. मास्तरांचा बूट थोरल्याच्या बुटापेक्षा लहान निघाला होता आणि हे तिनं सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं. निवृत्त मुख्याध्यापकाला असली बातमी रुचत नाही, पण मास्तर आज हसून घेत होते. त्याचंच अक्कांना जास्त भय वाटलं.

अक्का हे नाव त्यांच्या धाकट्या बहिणीनं पाडलेलं. मग पोटच्या पोरांनी तेच उचललं, सुनेनं उचललं, आणि केंद्रात तर शंभरेक घरं त्यांना अक्का म्हणूनच ओळखत. केंद्राच्या समितीवर पालकांच्या वतीनं त्या पंधरा वर्षं बसत होत्या. त्याच्या कितीतरी आधी, ठकू तीन वर्षांची होईपर्यंत, त्या भूमापन कार्यालयात नकाशे काढायच्या. नोकरी गेली, पण अक्षर राहिलं. छापल्यासारखं सरळ, एका उंचीचं.

केंद्राकडून दोघीजणी आल्या होत्या. एक लाँड्रीच्या बाई, ज्यांच्या हाताखाली ठकू नऊ वर्षं काम करते. आणि दुसरी आराखडेवाली. तिचं खरं पद बरंच लांबलचक होतं, पण आराखड्याची पिशवी घेऊन घरोघर फिरते म्हणून सगळे पालक तिला आराखडेवालीच म्हणत. वय असेल तिशीच्या आतबाहेर, कानावर पेन्सिल, आणि समोरचा माणूस बोलायचा थांबला तरी थोडा वेळ गप्प राहायची सवय. ही सवय अक्कांनीच तिला लावली होती.

आराखड्याची रीत अशी. आधी जिच्यासाठी आराखडा, तिचं पान. मग तिच्या कामाच्या ठिकाणचं. मग नातेवाइकांची. आणि सगळ्यांत शेवटी सांभाळणाऱ्याचं पान, म्हणजे आठवं. हे आठवं पान अक्कांनी भांडून मिळवलेलं. पूर्वी फॉर्म सात पानी होता आणि तो केंद्राची माणसं एकटीच भरायची. मूल काय खातं, कशाला घाबरतं, सगळं त्यात होतं. त्याला उचलून उचलून आईची कंबर मोडलीय का, हे मात्र कुठेच नव्हतं. समितीत संचालक म्हणाले होते, आणखी एक पान वाढवणं जमणार नाही. अक्कांनी फॉर्म उलटा करून त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. सात पानं छापली की आठवं कोरंच जातं साहेब, ते तरी आमच्या नावावर करा. त्या दिवशी सगळी समिती हसली आणि पान मिळालं. नियमही अक्कांनीच घातले: हे पान सांभाळणाऱ्यानं स्वतः लिहायचं, स्वतः वाचायचं, वाचताना मधे कुणी बोलायचं नाही, आणि वाचलेलं जसंच्या तसं आराखड्यात जाणार. केंद्राच्या माणसांनी आपल्या मनानं त्यात काही घालायचं नाही.

एरवी ही बैठक चहा पिऊन तासाभरात संपायची. या वेळी गोष्ट वेगळी होती. केंद्राचं तीन गल्ल्या पलीकडे एक घर आहे, सहा जणांचं. तिथे रात्रीची माणसं असतात, फिट आली तर काय करायचं ते त्यांना येतं. त्यातली एक खोली रिकामी झाली होती. ठकूचा अर्ज यादीत होताच. समिती सोमवारी बसणार होती, आणि ती अर्जांपेक्षा आराखडेच वाचते, हे अक्कांइतकं कुणाला ठाऊक होतं?

सुरुवात ठकूपासून झाली. तिला चपलांवरून उठवायला पाच मिनिटं गेली. तिचं पान चित्रांचं असतं. लाँड्रीच्या बाईंबरोबर बसून ती चित्रं निवडते, कापते, चिकटवते, आणि त्यात बाईंनी बोट घालायचं नाही असा दंडक आहे. तिनं पान टेबलावर ठेवलं आणि तळहातानं दाबून सपाट केलं. वर त्या सहा जणांच्या घराचा फोटो होता. खाली खिडकी, टॉवेलांची चळत, एक निळा दिवा. आणि मधोमध दोन पलंग, एकाला एक लागून.

"हा माझा," ठकू म्हणाली. मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हा अक्काचा."

लाँड्रीच्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. अक्कांनी त्या दुसऱ्या पलंगाकडे पाहिलं. कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीतून कापलेला चांगला रुंद पलंग होता, पांघरूण ताणून घातलेलं. पोरीनं जीव लावून कापला होता, कड कुठेही तुटलेली नव्हती. अक्कांना भरून आलं, आणि त्याच क्षणी तिथेसुद्धा, असं त्यांच्या मनात आलं. तिथेसुद्धा मी.

लाँड्रीच्या बाईंनी त्यांचं पान वाचलं. त्यात तक्रारी दोनच होत्या: ठकू दुसऱ्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालते, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कुणी घाई केली तर जागेवरून हलत नाही. बाकी सगळं कौतुक. मग नातेवाइकांची पाळी आली आणि मास्तरांनी खिशातून कागद काढला. घसा साफ केला. कागद थोरल्याच्या अक्षरात होता आणि भाषा मास्तरांची होती, तेव्हा दोघांचं साटंलोटं कुठवर गेलंय ते अक्कांना कळून चुकलं.

मास्तरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. खोली चालून आली हे केंद्राचे उपकार. पण ठकूला घरातून हलवू नये, कारण ते तिच्यासाठी जितकं अवघड, त्याहून वहिनींसाठी अशक्य. वहिनींचा सगळा जीव या पोरीत आहे. उद्या ती घरात नसली तर वहिनी अंथरूण धरतील. म्हणून कुटुंबानं एकमतानं ठरवलंय की अर्ज मागे घ्यावा. थोरला सकाळी दोन तासांसाठी एक बाई लावून देईल. "शेवटी मातृत्वाला सुट्टी नसते," मास्तरांनी समारोप केला.

मास्तरांच्या शाळेला वर्षातून दोन सुट्ट्या असायच्या आणि त्यातली एकही त्यांनी कधी सोडली नव्हती. हे अक्कांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

थोरला बस डेपोत गाड्या सोडायचं काम करतो. दिवसभर ओरडून ओरडून आवाज भसाडा झालेला, पण आईशी बोलताना तो अजूनही खाली बघतो. तो म्हणाला, बाबा गेले त्या दिवशीचं त्याला आठवतंय. माणसं उठून गेल्यावर अक्का दाराला टेकून उभी होती, ठकूचा हात हातात, आणि म्हणाली होती, ही आहे म्हणून मी उभी आहे.

"तू म्हणाली होतीस अक्का. मी विसरलेलो नाही. मला दुसरं काही कळत नाही, पण हिला तुझ्यापासून तोडून तुला खाली पाडायचं पाप माझ्याच्यानं होणार नाही."

म्हणाल्या होत्या खऱ्या. त्या दुपारी ते खरंही होतं. पण माणूस दाराला टेकून काय बोलतो, ते नऊ वर्षं जपून ठेवायचं असतं का? पोरानं ते वाक्य आईची शेवटची इच्छा असल्यासारखं सांभाळलं होतं. त्याच्या जोरावर दर वर्षी तो म्हणायचा, अक्काला ठकूपासून वेगळं करायचं नाही, आणि दर वर्षी अक्का मान डोलवायच्या. त्यांना त्याचा राग येईना. राग आला असता तर सोपं झालं असतं.

"एकमतानं नाही," सूनबाई म्हणाली.

ती खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, लाँड्रीच्या बाईंशेजारी बसली होती, हे आत्ता सगळ्यांच्या लक्षात आलं. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करते. वरच्या मजल्याच्या भांडणात ती नवऱ्याच्या बाजूनं मास्तरांशी इतकी कडाकडा भांडली होती की मास्तरांनी वर्षभर त्या दुकानातून रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. आज नवरा आणि मास्तर एका सोफ्यावर आणि ती एकटी समोर.

थोरल्यानं तिला डोळ्यांनी दटावलं. ती दटावून घेणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली की तिच्या दुकानाच्या मागेच डेपोचं कँटीन आहे, तिथे बसून या दोघांनी कुटुंबाचं एकमत केलं, तेव्हा कुटुंब औषधं मोजत होतं. मग तिचा आवाज खाली आला.

"मी स्वार्थी आहे, मी कबूल करते. अक्कांच्या मागे ठकू माझ्याकडे येणार, हे सगळे धरून चाललेत. मला विचारलंय कुणी? मला ती आवडते. तिच्याशी माझं चांगलं जमतं. पण रात्री तीनतीनदा उठणं मला जमेल का, मला माहीत नाही. या आराखड्यात माझं पान कुठाय?"

मास्तर म्हणाले, ही वेळ आहे का हे बोलायची. सूनबाई म्हणाली, मग कुठली आहे. थोरला नुसता बायकोकडे बघत राहिला. बारा वर्षांच्या संसारात हे तिनं एकदाही काढलं नव्हतं, आणि आता ते टेबलावर येऊन बसलं होतं. अक्कांना मात्र नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सुनेनं हे सगळं भर माणसांत सांगितलं, आणि छप्पर काही कोसळलं नाही. ठकूसुद्धा शांतपणे बिस्किट खात होती. तिनं एक बिस्किट सूनबाईपुढे सरकवलं.

आराखडेवालीनं सूनबाईला सांगितलं की पान मिळेल, कोरी पानं पिशवीत असतात. मग तिनं एक जुनी फाईल काढली. दर बैठकीत मागच्या वर्षीचं पान पाहायचं ही पण अक्कांचीच पद्धत, पण आज तिनं तेरा वर्षांची तेरा आठवी पानं काढून ओळीनं मांडली. टेबल पुरेना, तेव्हा शेवटची दोन तिनं मांडीवर ठेवली.

तेराही पानांवर एकच ओळ होती. त्याच सरळ, एका उंचीच्या अक्षरात. "माझं सगळं ठीक आहे."

ये रे माझ्या मागल्या. अक्कांनी ती पानं एका वेळी अशी कधी पाहिली नव्हती. नकाशावर एकच सीमारेषा तेरा वेळा गिरवावी तसं ते दिसत होतं.

"दोनदा खोली रिकामी झाली होती," आराखडेवाली म्हणाली. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता, उलट तिलाच काहीतरी खुपत असावं. "समितीनं दोन्ही वेळा तुमचं पान वाचलं. ज्या घरात ठीक आहे त्यांच्या आधी, ज्यांच्याकडे नाही त्यांना दिली."

अक्कांना हे सांगायची गरज नव्हती. आपल्या घराचा विषय आला की समितीतून बाहेर जाऊन बसायचं असतं. दोन्ही वेळा त्या बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. दुसऱ्या वेळची खोली एका शिलाईकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला गेली. त्या बाईचं आठवं पान अक्कांनीच भरून घेतलं होतं. दर शुक्रवारी त्या केंद्रात नवख्या आयांना घेऊन बसत, तसं तिला घेऊन बसल्या होत्या. ती म्हणत होती, काही नाही हो, चाललंय. अक्का तिला म्हणाल्या होत्या, बाई गं, हे लोक मनकवडे नाहीत, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तुला काय हवंय ते लिही. शेवटी ती टेबलावर डोकं ठेवून रडली आणि लिहिलं, "मला झोप हवी आहे." तिला खोली मिळाली. अक्कांनी तिला जवळ घेतलं, अभिनंदन केलं, आणि घरी येऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या व्हरांड्यात बसून त्या काय करत होत्या, हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वाट बघत होत्या. आत कुणीतरी, एखादा तरी माणूस, ती ओळ वाचून म्हणेल, हे खोटं आहे. ही बाई इतरांना इतकं खणून विचारते, हिला काहीच नको असेल असं कसं होईल? कुणीतरी दार उघडून बाहेर येईल आणि विचारेल. दार उघडायचं आणि सगळे बाहेर यायचे, चहाला.

"आम्ही ओळखायला हवं होतं," आराखडेवाली म्हणाली. "पण आमच्या मनानं काही घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आता आजचं पान तुम्ही वाचायचं."

आजचं पान अक्कांच्या मांडीवर होतं. सकाळी ठकूच्या वेण्या घालून झाल्यावर त्यांनी ते शाईनं लिहून ठेवलं होतं. चौदावी ओळ. त्यांनी चष्मा लावला. मास्तर हात बांधून, बक्षीस समारंभाला बसल्यासारखे, कौतुकानं ऐकायला सज्ज झाले.

त्यांच्या बहिणीची डोंगराच्या उतारावर रोपवाटिका आहे. शेडच्या वर एक खोली आहे, तीत बियाण्यांची पोती आणि एक खाट. अकरा वर्षांपूर्वी अक्का तिथे दोन रात्रींसाठी गेल्या होत्या, ठकूला थोरल्याकडे ठेवून. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन खाटेच्या पायाशी आलेलं होतं. कुणी हाक मारली नव्हती. त्या तशाच पडून राहिल्या, काय विसरलोय ते आठवत. काही विसरलेलं नव्हतं. खाली बहीण कुंड्या सरकवत होती, तिला अक्कांकडून काही नको होतं. पायांची बोटं त्यांनी उन्हात नेली. अर्धा तास असेल तो. मग फोन आला, ठकूला फिट आली होती, आणि त्या दुपारच्या गाडीनं परत आल्या. बहीण अजून दर वर्षी कळवते, महिनाभर ये, खोली रिकामीच आहे. अक्का कळवतात, पुढच्या वर्षी. त्या अर्ध्या तासावर त्यांनी अकरा वर्षं काढली होती. भांडी घासताना, ठकूची बटणं लावताना, रात्री तिच्या श्वासाकडे कान लावून पडलेलं असताना त्या पायांची बोटं उन्हात नेत. लेकीचं तोंड समोर असताना असं वाटावं, याची त्यांना इतकी लाज वाटायची की त्या दिवशी ठकूला जास्तीची साय मिळायची.

"माझं सगळं," अक्कांनी वाचायला सुरुवात केली, आणि थांबल्या.

कुणी बोललं नाही. बोलायचं नसतं. नियम त्यांचाच.

"ठीक नाही," त्या म्हणाल्या.

थोरल्यानं मान वर केली. अक्कांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. आता वाचायचं काही नव्हतं.

"मला एकटं राहायचंय. महिनाभर तरी. जिथं कुणी मला हाक मारणार नाही अशा जागी. चौतीस वर्षांत मी एकच रात्र सलग झोपलेय. माझी कंबर गेली, ते मी लपवलं. हिच्यावर माझा जीव आहे आणि मला हिच्यापासून लांब जायचंय. दोन्ही खरं आहे. त्या घराचं मी मेल्यावर बघू, असं मी सगळ्यांना सांगत आले. मला मी जिवंत असताना हवंय ते. लिही पोरी, असंच लिही."

मास्तर अर्धवट उठले. वहिनी, पोरीच्या समोर हे, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आराखडेवालीनं पेन्सिल वर केली. मधे बोलायचं नसतं काका. मास्तर खाली बसले, आणि बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. एकदम म्हातारे दिसायला लागले. ते वाईट नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी वहिनींना एका उंच जागी बसवून ठेवलं होतं आणि तिथून खाली उतरायला शिडी लागते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तू मला सांगायचंस ना," थोरला म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "मी दर वर्षी विचारायचो."

"विचारायचास. आणि मी खोटं बोलायचे," अक्का म्हणाल्या. "तुझी चूक नाही रे. मला वाटायचं, न सांगता कळावं कुणालातरी."

सूनबाई उठून नवऱ्याच्या सोफ्याच्या हातावर जाऊन बसली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पण सरकून जागा दिली. लाँड्रीच्या बाई उगाचच कप गोळा करायला लागल्या. आराखडेवालीनं लिहून झाल्यावर सगळं परत वाचून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग ती म्हणाली की असं पान असलेल्या आराखड्याला समिती नाही म्हणेल असं तिला वाटत नाही. पहिला महिना चाचणीचा असतो, कुणालाही परत फिरता येतं. ठकूलाही, अक्कांनाही.

अक्कांना हलकं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं त्यांनी या घटकेची कल्पना केली होती, आणि त्या कल्पनेत नेहमी हलकं वाटायचं. प्रत्यक्षात त्यांना पाण्यात पाय टेकेनासा झाल्यासारखं वाटलं. त्यांनी ठकूकडे बघायचं टाळलं होतं, ते आता टाळता येईना.

ठकू टेबलाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिला सगळं कळतं, लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त, फक्त वेळ लागतो. तिनं आपलं पान उचललं, अक्कांपुढे धरलं, आणि दुसऱ्या पलंगावर बोट टेकवलं. इतकं जोरानं की कागद वाकला.

"अक्का इथं."

"नाही गं राणी. तिथं तू. तुझी खोली. मी मावशीकडे जाईन थोडे दिवस."

ठकूनं ते ऐकून घेतलं. खालचा ओठ पुढे आला. अक्कांनी पदर मुठीत धरला, कारण आता ती रडणार, आणि ती रडली की आपण सगळं मागे घेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असं तिच्या एका रडण्यावर त्यांनी आजवर काय काय मागे घेतलं होतं. थोरलाही पुढे सरसावून बसला.

"मग?" ठकू म्हणाली.

"मग मी येईन ना तुला भेटायला."

"रोज?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तोंड उघडलं की हो बाहेर पडलं असतं.

"रोज नाही," अक्का म्हणाल्या.

ठकू विचारात पडली. लाँड्रीच्या बाई हातात कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ठकूनं पानाकडे बघितलं, घराच्या फोटोकडे, खिडकीकडे, आणि मग आईकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते खाली आलं नाही. कपाळाला आठी होती. घड्या घालताना कुणी घाई केली की ती अशी बघते. मग तिनं पान छातीशी घट्ट धरलं, दोन्ही हातांनी.

"विचारून ये," ती म्हणाली.

अक्का रडण्याची तयारी करून बसल्या होत्या. हट्टाची, गळ्यात पडण्याची, सगळ्याची. याची नव्हती. चौतीस वर्षांत या पोरीच्या कुठल्याच दारात त्यांनी कधी विचारलं नव्हतं. न्हाणीघराच्या नाही, झोपेच्या नाही, तिच्या मनात काय चाललंय त्याच्यासुद्धा नाही. आणि आता तिच्याकडे जाण्याची, तिच्या केसांचा वास घेण्याची, तिनं हाक मारावी याची त्यांना एवढी ओढ लागली की त्या खुर्चीतून उठल्याच असत्या. पण ठकू पान धरून उत्तराची वाट बघत होती, आणि तिला घाई नव्हती.

"विचारून येईन," अक्का म्हणाल्या.